तीन वर्षांत मुलीचं काय होतं?

(सोलापूर येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी भरलेल्या शिबिरात एका महाविद्यालयाच्या निवृत्त ग्रंथपालांनी केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)



शिबिराच्या पत्रिकेत माझा विषय 'मुलींचं उच्च शिक्षण' असा छापला आहे. त्यातल्या 'उच्च' या शब्दापाशी मी जरा अडखळते. ज्या कॉलेजात मी जवळजवळ तीस वर्षं ग्रंथपाल होते, तिथे उंच म्हणावं असं काही असेल तर ती पाण्याची टाकी. कला आणि वाणिज्य अशा दोन शाखा, ग्रंथालयात चार लांब टेबलं, आणि परीक्षेच्या दिवसांत गरम हवा खाली ढकलणारे दोन पंखे. अशी कॉलेजं आपल्या जिल्ह्यात तालुक्यातालुक्यात आहेत. पेपरात त्यांचं नाव निकालाच्या दिवशीसुद्धा येत नाही. शिक्षणावर चर्चा होते ती इंजिनिअरिंगची, मेडिकलची, पुण्याची. आपण ज्या वस्त्यांत काम करतो तिथल्या मुली मात्र शिकल्या तर अशाच कॉलेजात शिकतात. म्हणून मी तेवढ्याबद्दलच बोलणार आहे. तीन वर्षं एखादी मुलगी तिथे येते-जाते, तेव्हा तिचं नेमकं काय होतं?

घरच्यांना विचारलं तर उत्तर सरळ असतं. 'स्थळ येईपर्यंत जातीय कॉलेजला.' हे वाक्य मी एवढ्या वेळा ऐकलंय की त्याचा राग यायचा आता थांबला आहे. उलट मला वाटायला लागलं की या वाक्यात एक फट आहे आणि मुलींना ती दिसलेली आहे. घरच्यांच्या लेखी ही तीन वर्षं म्हणजे वाट पाहण्याची जागा. एस.टी. स्टँडवर गाडीची वाट पाहतो तशी. पण स्टँडवर बसलेल्या माणसाकडे कोणाचं फारसं लक्ष नसतं, ही त्यातली मोठी गोष्ट. घरात मुलीवर आठ डोळे असतात. कॉलेजात सकाळी साडेसात ते बारा तिच्यावर कोणाचाच डोळा नसतो. आपल्या मुलींना जन्मात प्रथम मिळालेला असा हा वेळ. त्या त्याचं काय करतात हे मी काउंटरच्या मागे बसून पाहिलं.

थोडा मागचा हिशेब सांगते, म्हणजे ही फट किती अलीकडची आहे ते लक्षात येईल. सोलापुरात पहिली कापडगिरणी निघाली १८७७ साली. आपण तिला जुनी मिल म्हणतो. दयानंद कॉलेज निघालं १९४० साली. म्हणजे माणसाला भोंग्यावर कामाला बोलवायची व्यवस्था झाल्यावर त्याच्या पोराला पदवीच्या वर्गात बसवायला या शहराने साठ वर्षांहून जास्त काळ घेतला. तोवर पुढे शिकायचं तर पुणं गाठायचं, आणि ते कोण गाठणार? ज्याच्या घरी खानावळीचे पैसे होते तो, आणि तोही मुलगाच. १९५३ साली संगमेश्वर कॉलेज निघालं, पुढे बाकीची निघाली. विद्यापीठ म्हणाल तर १९६२ साली शिवाजी विद्यापीठ झालं तेव्हापासून ते २००४ पर्यंत आपला जिल्हा कोल्हापूरला जोडलेला होता. गुणपत्रिकेत नाव चुकलं, कोल्हापूर. स्थलांतराचा दाखला हवा, पुन्हा कोल्हापूर. मुलाला हे नुसतं कंटाळवाणं होतं. मुलीला मात्र कोल्हापूर म्हणजे सोबत बाप किंवा भाऊ हवा, त्याचा एक दिवसाचा खाडा हवा, दोघांचं भाडं हवं. कितीतरी मुलींनी चुकीच्या नावाची गुणपत्रिका तशीच पेटीत ठेवून दिली. सोलापूरचं वेगळं विद्यापीठ झालं, २०१९ साली त्याला अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं, त्यावर सभा झाल्या, फटाके वाजले. माझ्या दृष्टीने बाईच्या नावाइतकीच मोलाची गोष्ट ही, की केगावला सिटी बसने एकटीला जाऊन कागद आणता येतो.

आता पैशाचं. सगळ्यांना वाटतं फी हा प्रश्न आहे. सरकारलाही तसंच वाटतं. २०२४ साली राज्याने व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या मुलींचं शिक्षण शुल्क माफ केलं, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी. चांगलंच केलं. पण साध्या बी.ए.च्या मुलीचा खर्च फीमध्ये नसतो. तो कुठे असतो हे विडी वळणाऱ्या घरात बसलं की समजतं.

तुमच्यातल्या बऱ्याचजणी पूर्व भागातल्या आहेत, तुम्हाला हे मी सांगायला नको. पण बाहेरगावच्या मैत्रिणींसाठी सांगते. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, पुरुष यंत्रमागावर गेले, आणि घरं चालवली ती विडीने. पानं भिजवायची, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायची, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, वळायची, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं. मजुरी हजारावर. आणि कारखान्यात माल तपासताना खराब म्हणून काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. आई एकटीने दिवसभरात हजार पुऱ्या करू शकत नाही, कारण तिला स्वयंपाक आहे, पाणी आहे, सासू आहे. तेव्हा हजारातल्या तीनशे-चारशे विड्या मुलीच्या हातच्या असतात. पुस्तकात नाव आईचं, बोटं मुलीची. मुलगी सकाळी कॉलेजला गेली की त्या विड्या कमी होतात. हा खरा खर्च आहे. तो कुठल्याही फी माफीच्या कागदावर नाही. म्हणून ज्या आया 'जा' म्हणतात, त्या काय देतात ते ओळखा. त्या रात्री अकरापर्यंत बसून पोरीच्या वाटणीच्या विड्या वळतात. आपल्या साहित्यात त्यागी आईवर पुष्कळ लिहिलं गेलं, मला ते फारसं पटत नाही. पण हा त्याग नाही, ही मजुरी आहे आणि ती मोजता येते. ती मोजावी असं माझं म्हणणं आहे.

विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या श्रम खात्याची शिष्यवृत्ती आहे. १९७६ साली विडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला, त्यासाठी विडीवर उपकर बसवला. २०१७ साली जी.एस.टी. आला आणि तो उपकर गेला. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आईचं ओळखपत्र लागतं, आता ते ऑनलाइन चढवावं लागतं. आणि इथे एक गमतीदार वाटेल अशी पण रडवणारी गोष्ट घडते. तेलुगू नाव. शाळेच्या दाखल्यावर एका तऱ्हेने लिहिलेलं, आधारवर दुसऱ्या, बँकेच्या पासबुकात तिसऱ्या. एक काना इकडचा तिकडे झाला की अर्ज परत. मी ग्रंथपाल होते, पण ऑगस्ट-सप्टेंबरात माझं निम्मं काम हेच. मुली म्हणायच्या, 'मॅडम, मी तिघी हाय काय की ओ!' हसायच्या आणि मग पुन्हा ओळीत उभ्या राहायच्या.

आता एका मुलीबद्दल सांगते. नाव सांगणार नाही, ती याच शहरात आहे. कुंभारीला विडी कामगार बायकांसाठीची १०,००० घरं २००६ साली दिली गेली, कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाची वसाहत, तिथून ती यायची. बारावीपर्यंतचं शिक्षण तेलुगू आणि मराठीत अर्धंअर्धं झालेलं. पहिलं वर्षभर तिने माझ्या टेबलाशी तोंड उघडलं नाही. कार्ड पुढे करायची आणि बोटाने कपाटातलं पुस्तक दाखवायची. मला वाटलं लाजरी आहे. पुढे कळलं की तसं नव्हतं. तिला मराठी येत होतं, पण ते आपल्या तोंडून कसं ऐकू येतं हे तिला माहीत होतं. वर्गात एकदा तिने 'ळ'च्या जागी 'ल' म्हटला आणि मागची दोन बाकं हसली. झालं. तेव्हापासून गप्प.

सोलापुरात आपण चार भाषांचा अभिमान मिरवतो. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, महापालिकेच्या शाळाही या चारही भाषांतून चालत आलेल्या. पण कॉलेजच्या दारात या चार भाषांची एक उतरंड होते. वर इंग्रजी, मग पुस्तकी मराठी, मग सोलापुरी मराठी, आणि बाकीच्या भाषा घरी ठेवून यायच्या. मुलगा असला तर तो बिनदिक्कत मोडकंतोडकं बोलतो, 'काय करालास बे' म्हणत मित्रही करतो. मुलीला मात्र बोलण्यावरून घर जोखलं जाईल याची भीती असते. घराची अब्रू तिच्या कपड्यांत असते तशीच तिच्या उच्चारांतही ठेवलेली असते. म्हणून ती गप्प राहते आणि आपण तिला 'शांत, गुणी' म्हणून शेरा देतो.

त्या मुलीचं तोंड उघडलं ते एका पुस्तकामुळे. आमच्याकडे शांताबाई कांबळे यांचं 'माज्या जल्माची चित्तरकथा' होतं. १९८६ सालचं. पाठ्यक्रमात होतं म्हणून नाही, मी आग्रहाने मागवलेलं. शीर्षकच बघा ना, 'माज्या', 'जल्माची'. तिने ते शीर्षक वाचलं आणि मला विचारलं, 'असं पुस्तकावर लिहिलेलं चालतं?' वर्षभरातलं तिचं हे पहिलं वाक्य.

या शांताबाईंबद्दल जरा थांबून बोलते, कारण आपल्याच जिल्ह्यातली ही बाई आपल्याच जिल्ह्यात पुरेशी माहीत नाही. जन्म १९२३ चा, सांगोला तालुक्यातल्या महूदचा. महार कुटुंब, उपासमार घरचीच. माहेरचं नाव नाजाबाई बाबर, म्हणून पुस्तकातली मुलगी नाजा. १९४२ साली त्या सोलापूर जिल्हा बोर्डाच्या शाळेत शिक्षिका झाल्या. त्या काळात, त्या जातीतल्या बाईने, हातात खडू घेऊन गावातल्या सगळ्या पोरांपुढे उभं राहणं काय असेल याची कल्पना करा. पण मला मुलींना सांगावंसं वाटतं ते पुढचं. नोकरीला लागल्यावर दहा वर्षांनी, १९५२ साली, त्यांनी पुण्याला दोन वर्षांचं अध्यापनाचं प्रशिक्षण पुरं केलं. लग्न, मुलं, संसारातल्या मोडतोडी हे सगळं घेऊन. पुढे सांगली जिल्ह्यात जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या, १९८१ साली निवृत्त झाल्या. आणि मग लिहायला बसल्या. आधी मासिकात आलं, मग पुस्तक झालं, १९९० साली दूरदर्शनवर 'नाजुका' नावाने मालिका झाली. कवी आणि दलित पँथरचे नेते अरुण कांबळे त्यांचे चिरंजीव. लोक बऱ्याचदा बाईंची ओळख तशी करून देतात, मी मुद्दाम उलट क्रमाने सांगितली. २०२३ साली त्या गेल्या.

आमच्या मुलींनी या पुस्तकातून काय घेतलं? मला वाटलं होतं जातीचा अनुभव घेतील. घेतलाच, ज्यांचा होता त्यांनी तो ओळखला, ज्यांचा नव्हता त्यांपैकी काहीजणी अस्वस्थ झाल्या, हेही चांगलं झालं. पण सगळ्यांनी मिळून जे उचललं ते निराळंच होतं. त्यांनी वर्षं मोजली. लग्नानंतर शिक्षण. नोकरीनंतर प्रशिक्षण. म्हातारपणी पुस्तक. आमच्या मुलींच्या डोक्यात शिक्षणाची एक सरळ पट्टी असते, दहावी, बारावी, बी.ए., आणि लग्न झालं की ती पट्टी कापली जाते. शांताबाईंच्या आयुष्यात ती पट्टी कुठे तुटते, कुठे पुन्हा जोडली जाते. एका मुलीने कुमुद पावड्यांचं 'अंतःस्फोट' त्यानंतर नेलं, ते १९८१ सालचं, नागपूरकडच्या दलित मुलीने संस्कृत शिकून प्राध्यापक होण्याची हकीगत त्यात आहे. ते परत करताना ती म्हणाली, 'मॅडम, संस्कृत राहू द्या, मला इंग्रजीच येत नाही, पण आता ते माझं नाही असं नाही वाटत.' वाक्य गुंतागुंतीचं आहे, पण मला समजलं.

आमची कुंभारीची मुलगी मात्र लिहायला लागली. आईकडून विड्यांच्या कामातले तेलुगू शब्द विचारून तिने एक वही केली. कुठला शब्द कशाला म्हणतात, तो मराठी बाया कसा म्हणतात, असं शेजारीशेजारी. कॉलेजच्या वार्षिक अंकात त्यातली दोन पानं आली. आई एकदा मला भेटायला आली होती. मला वाटलं तक्रार असेल. 'पोरगी लायब्ररीत बसून काय करालीय?' असं तिने विचारलं खरं, पण तिला दुसरंच हवं होतं. ती म्हणाली, 'मला विचारून विचारून लिहून घेतीय. मला कोण कधी काय विचारलं नाही.' मग अंक हातात घेऊन तिने पान उलटं-सुलटं करून बघितलं. तिला वाचता येत नव्हतं. कुठे आहे ते मी बोटाने दाखवलं.

आता कॉलेजात 'व्यक्तिमत्त्व विकास' नावाचा एक कार्यक्रम असतो, तुम्हाला ठाऊक असेल. पुण्याहून किंवा इथलाच कोणी टाय लावलेला गृहस्थ येतो. हस्तांदोलन कसं करावं, डोळ्यांत डोळे घालून कसं बोलावं, मुलाखतीला कुठले रंग घालावेत. सगळं फुकट जातं असं मी म्हणत नाही. पण ज्या मुलीला गल्लीतून मान खाली घालून यायला शिकवलंय, तिला एका दुपारी 'डोळ्यांत बघून बोल' म्हणणं म्हणजे विनोद आहे. संध्याकाळी तिने गल्लीत तसं बघितलं तर तिचं कॉलेज बंद होईल. आणि ८ मार्चला काय असतं? रांगोळी, मेंदी आणि पाककृती. म्हणजे जे घरी करायला लागतं त्याचीच स्पर्धा. एका वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलींनी मागणी केली की महिलादिनी आम्हाला फ्यूज कसा बदलायचा आणि पंक्चर कसं काढायचं ते शिकवा. हसून सोडून दिलं गेलं. पुढच्या वर्षी त्यांनी एका सायकलवाल्याला स्वतःच बोलावून आणलं. मी ग्रंथालयाच्या बाजूची मोकळी जागा दिली. ती दुपार मला व्यक्तिमत्त्व विकासाचा नमुना म्हणून आठवते. हात काळे झालेल्या वीस मुली आणि मधोमध घाबरलेला सायकलवाला.

वाढ होते ती अशा फुटकळ जागी. पहिल्यांदा स्वतःच्या सहीने पुस्तक नेण्यात. पहिल्यांदा दुसऱ्या जातीच्या मुलीच्या डब्यातली कडक भाकरी खाण्यात, तिला आपल्या डब्यातलं देण्यात. घरी न सांगता पार्क चौकापर्यंत चालत जाऊन परत येण्यात. कुठे गेली नाही, काही केलं नाही, फक्त चालली. एका मुलीने मला ते एखादा गुन्हा सांगावा तसं सांगितलं होतं.

सगळंच असं गोड नाही. शिक्षकांत असे असतात की मुलींचे अंतर्गत गुण स्वतःच्या मुठीत ठेवतात. स्वच्छतागृहाला कडी नसते, असली तर पाणी नसतं, आणि मुली सकाळपासून पाणी न पिता बसतात. सोलापूरच्या उन्हात! पाठलाग करणारी मुलं असतात आणि त्याहून मोठी भीती ही, की तक्रार केली तर मुलाला कोणी काही म्हणणार नाही, आपलं मात्र शिक्षण थांबेल. ही भीती खरी आहे. म्हणून तक्रार समितीचा विषय मी तुमच्यापुढे काढते. १९९७ साली विशाखा निकाल आला, २०१३ साली कायदा झाला, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ चे नियम केले. त्या नियमांत दोन गोष्टी आहेत ज्या फार कमी मुलींना माहीत असतात. एक, विद्यार्थिनींचा संबंध असलेल्या प्रकरणात समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी हवेत आणि ते निवडून आलेले हवेत, प्राचार्यांनी नेमलेले नव्हेत. दुसरी, समितीवर बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती हवी, स्त्रियांच्या प्रश्नावर काम करणारी. म्हणजे तुम्ही. कॉलेजचा फलक वाचा. तिथे बाहेरची सदस्य म्हणून कोणाचं नाव आहे? एखाद्या संचालकाच्या पत्नीचं असेल तर का आहे ते विचारा.

निवडून येण्यावरून आठवलं. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रात कॉलेजच्या खुल्या निवडणुका गेल्या आणि गुणांवर नेमणुका सुरू झाल्या. त्याआधी निवडणुकांत हाणामाऱ्या व्हायच्या, खूनही झाले, हे खरं. पण इलाज असा झाला की भांडायचं कसं हेच शिकायचं राहिलं. मुलींच्या दोन पिढ्या मत न मागता, भाषण न करता, न हरता पदवीधर झाल्या. हरायला शिकणं किती गरजेचं असतं! २०१६ च्या कायद्यात खुल्या निवडणुका परत आल्या, त्यात स्त्री प्रतिनिधीची जागाही आहे. २०१९ साली होणार म्हणून गाजावाजा झाला आणि पुढे ढकलल्या गेल्या. ग्रामपंचायतीत आपण पन्नास टक्के बायका निवडून पाठवतो आणि कॉलेजातल्या मुलीला वर्गप्रतिनिधीसाठी उभं राहता येत नाही.

आता लग्नाबद्दल, म्हणजे मूळ मुद्द्याकडे. मुलीच्या लग्नाचं वय २१ करायचं विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं होतं. २०२४ साली लोकसभेची मुदत संपली, तेव्हा ते बारगळलं. त्यावर आपल्या गटांतही दोन मतं होती. माझं मत सांगते, पटेल न पटेल. कायद्याने वय वाढवून मुलगी कॉलेजात राहत नाही. कॉलेजात राहायला कारण मिळालं की वय आपोआप वाढतं. पण आता दुसरीच गोष्ट दारात आली आहे आणि तिच्यावर कोणी बोलत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२४-२५ पासून आपल्यासारख्या संलग्न कॉलेजांतही नवा आराखडा आला. पदवी तीन वर्षांची, ऑनर्स हवी तर चार. आणि मधे बाहेर पडायची दारं. एक वर्ष करून सोडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षं करून सोडलं तर पदविका. परत यायचीही सोय आहे, ठरावीक मुदतीच्या आत.

कागदावर हे मुलींच्या फार सोयीचं वाटतं. शांताबाईंसारखी पट्टी तोडायची आणि पुन्हा जोडायची! काही मुलींना त्याचा उपयोग होईलही. पण मी माझ्या टेबलामागून जे पाहिलंय त्यावरून सांगते. इतके दिवस मुलगी आईबापांशी भांडताना एकच वाक्य वापरायची. 'दोन वर्षं झाली, एक राहिलं, मधे सोडलं तर सगळं वाया जाईल.' या वाक्यावर किती लग्नं वर्षभर पुढे गेली त्याची मोजदाद नाही. कुंभारीच्या मुलीचंही असंच झालं. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत स्थळ आलं, मुलगा भिवंडीला यंत्रमागावर. बाप तयार. तिने वाया जाण्याचा हिशेब मांडला. दोन वर्षांचं बसभाडं, पुस्तकं आणि आईच्या विड्या, हो, तिने आईच्या विड्या त्यात धरल्या, आणि बापाला विचारलं की एवढे पैसे पाण्यात टाकायचे का. बाप कामगार, त्याला हिशेब कळतो. स्थळ वर्षभर थांबलं नाही, ते दुसरीकडे गेलं. तिचं बी.ए. झालं. पुढे लग्नही झालं, तिच्या म्हणण्याप्रमाणे बरं चाललंय, आणि ती नोकरी करते. एवढंच. मी तिला आदर्श म्हणून सांगत नाही.

पण आता दोन वर्षांनंतर हातात पदविकेचा कागद पडणार. काही वाया जात नाही, म्हणतील घरचे. डिप्लोमा मिळाला की! मग उरलेलं नवऱ्याच्या घरी कर, सरकारने सोय केलीय. सासरहून परत कॉलेजात आलेल्या मुली तीस वर्षांत माझ्या हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्या. ज्या आल्या त्यांतल्या बहुतेक लहान पोर कडेवर घेऊन, परीक्षेपुरत्या. ज्या दाराने श्रीमंताचा मुलगा कामाच्या अनुभवासाठी बाहेर पडेल, त्याच दाराने आपली मुलगी मांडवात जाईल. दार तेच. म्हणून माझी सूचना अशी, की तुमच्या वस्तीतल्या पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींची यादी करा. जून-जुलैत कोण पुन्हा आली नाही ते बघा. कॉलेज हे बघणार नाही. त्यांच्याकडे ती 'एक्झिट' म्हणून नोंदली जाईल आणि नोंद अगदी नियमाप्रमाणे असेल.

बसचंही सांगते आणि थांबते. गावाकडच्या शाळकरी मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकर योजनेत. बारावी झाली की तो संपतो. म्हणजे नेमकं जिथे घरचे मुलगी थांबवायला टेकलेले असतात तिथेच खर्च सुरू होतो. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त सगळ्या बायकांना अर्धं तिकीट झालं, विद्यार्थ्यांचा सवलतीचा पासही आहे, त्याने भार हलका झाला. पण सवलत असून गाडीच नसली तर? साडेसातच्या तासाला पोचायचं तर मंद्रूप, वैराग, अक्कलकोट या बाजूच्या मुली पहाटे किती वाजता निघतात, आणि बाराला सुटल्यावर पुढची गाडी किती वाजता आहे, हे आपल्यापैकी कोणी लिहून काढलेलं नाही. दुपारी दोन-दोन तास स्टँडवर बसलेल्या मुलीचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. कोणीतरी नातेवाईक बघतो, घरी सांगतो, आणि कॉलेज बंद.

हे काम करायला मोठी संस्था लागत नाही. प्रत्येक गटाने एक रस्ता घ्यावा. पहाटेच्या आणि दुपारच्या गाड्या किती, मुली किती, कुठल्या थांब्यावर गाडी थांबत नाही, एवढं आठ दिवस वहीत लिहावं. मग ती वही घेऊन आपण आगारप्रमुखांना भेटू. कुंभारीचा रस्ता दोघीजणींनी घेतला आहे, अक्कलकोटचाही झाला. बार्शी आणि मोहोळकडच्या मैत्रिणींनी चहाच्या सुट्टीत मला नावं द्यावीत. वह्या मी आणल्या आहेत.